रिकाम्या टाकीची काच

श्रावण लागला की बेळगावच्या घरांत आवराआवर सुरू होते. गणपतीची आरास मांडायला हॉलमधला कोपरा मोकळा हवा असतो आणि बऱ्याच घरांत नेमका त्याच कोपऱ्यात फिश टँक असतो. मासे असले तर मखर दुसरीकडे जातं. मासे गेलेले असले, टाकी नुसतीच उभी असली, तर ती बाहेर निघते. बेळगावातल्याच शहापुरात परवा एका घराच्या कट्ट्यावर अशीच एक तीन फुटी टाकी वाळत ठेवली होती. पावसाने थोडी उघडीप दिली होती, ऊन तिरपं पडलं होतं. रस्त्यावरून काच झकास दिसत होती. जवळ गेल्यावर मात्र समोरच्या काचेवर अर्धगोल रेघांचं जाळं दिसलं. कोपर टेकवून हात जसा फिरतो तशा रेघा, एकीवर एक, शेकडो. तारेच्या घासणीच्या. कुणीतरी मन लावून, घाम गाळून ती काच घासली होती. आणि वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, जिथे पाण्याची पातळी राहायची, तिथला पांढरा पट्टा होता तसाच होता.

डाग राहिला आणि काच गेली.

हे मनाला लागून राहिलं, कारण त्यात आळस कुठेच नव्हता. होते ते कष्टच. आपल्याकडे स्वच्छ करायचं म्हणजे घासायचं, हे हातात मुरलेलं आहे. कढई राखेने घासायची, अंगण खराट्याने, उंबरा काथ्याने. पण ज्या घरात देवाची तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, त्या घरात आंबटाचं काम काय असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. चिंच चोळून थोडा वेळ ठेवली की तांबं आपसूक लाल होतं, जोर लावावा लागत नाही. तोच शहाणपणा काचेच्या टाकीपाशी आला की हातातून सुटतो आणि घासणी हातात येते. काचेवरचा पांढरा थर हा मळ नव्हे, तो दगड आहे. दगड घासून निघत नाही. तो विरघळवावा लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. एवढं एकदा मनाशी पक्कं झालं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

काच कडक असते, पण सगळ्यात कडक नसते. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तिच्यावर टाकीची साधी काच साडेपाचच्या आसपास बसते. पांढरा क्षार, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तीनवर. वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्‌झ, सातवर. हिरव्या घासणीत जो खरखरीत कण चिकटवलेला असतो तो बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड, तो नऊवर. म्हणजे ज्या क्षारावर आपण चिडलेले असतो तो काचेला ओरखडाही काढू शकत नाही; ओरखडे काढतो तो टाकीच्या तळातून वर आलेला, घासणीत अडकलेला वाळूचा एक कण. चुलीच्या राखेत असे कण असतात, भांड्यांच्या पावडरीत असू शकतात, बोटाला लागलेल्या तांबड्या मातीतही असतात. तारेची घासणी दोन्हीकडून मारते: तार स्वतः काचेच्या जवळपास कडक आणि तिच्या गुंत्यात कण हमखास अडकलेला. म्हणून टाकीला हात लावायच्या आधी फडकं, स्पंज, बादली सगळं धुऊन घ्यायचं, आणि हे फडकं टाकीचंच, दुसऱ्या कशाला नाही. साधा मऊ स्पंज, जुनी सुती बनियन, जुनं एटीएम कार्ड, प्लास्टिकची उलथणी, एवढी हत्यारं पुरतात.

आधी एक खात्री करून घ्यावी. टाकी काचेचीच आहे ना? काही छोट्या, गोलसर कडांच्या टाक्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. बोटाने टिचकी मारली की काच टणत्कारते, ॲक्रिलिक ढबढब वाजतं, आणि हाताला काच गार लागते. ॲक्रिलिकवर पातं चालत नाही, स्पिरिट किंवा अमोनियाचा काचक्लीनर लावला तर त्यात केसासारख्या चिरा पडतात, कोरडा टिश्यू पेपरसुद्धा तिला ओरखडतो. पुढचं सगळं साध्या काचेच्या टाकीबद्दल आहे.

आता तो पांढरा पट्टा येतो कुठून? शहरात राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार तसे कमी. पण उन्हाळ्यात नळ रोजचा राहत नाही. मग विहीर, बोअर, टँकर, जे मिळेल ते टाकीत जातं. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत तर बोअरचं पाणी सहसा इतकं जड की नळाच्या तोटीला, गिझरच्या कॉइलला खडूसारखा थर धरतो. या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाच्या सच्छिद्र दगडातून बुडबुडे वर येतात, फुटतात, थेंब काचेवर उडतात. पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट बसतं. पाणी दोन बोटं खाली गेलं की आपण वरून भर घालतो. उडालं ते निव्वळ पाणी, घातलं ते क्षारासकट. दर आठवड्याच्या भरीने हा हिशोब वाढत जातो, म्हणून पट्टा नेमका पाण्याच्या रेघेवर सगळ्यात जाड. टाकी ज्यांनी नीट पाळली, पाणी कधी कमी पडू दिलं नाही, त्यांच्याच काचेवर हा पट्टा जास्त दिसतो, हे थोडं अन्यायाचंच आहे.

टाकी उचलण्याची गोष्ट आधी, कारण काच फुटते ती बहुतेक वेळा धुताना नव्हे, हलवताना. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १०६ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन १०६ किलो. पाणी काढलं तरी तळाला दोन-तीन इंच ओली खडी राहते आणि ‘एवढ्याला काय होतंय की’ म्हणून दोघं जण ती तशीच उचलतात. मधोमध वजन, दोन टोकांना हात. तळाची काच वाकते, सांधा ताणला जातो. त्या दिवशी काही दिसत नाही, महिन्याभराने कोपऱ्यातून पाणी पाझरतं. खडी पूर्ण काढूनच टाकी उचलावी. खडी काढायला प्लास्टिकचा मग घ्यावा, स्टीलचं उलथणं किंवा खुरपं नाही. मगही काचेच्या कडेने ओढायचा नाही, मधून वर उचलायचा. शेवटची वाळू टाकीत लोटाभर पाणी घालून, हलकेच तिरपी करून वाहवून काढावी. कोरडं फडकं फिरवून ती गोळा करू नये, तेच फडकं मग सॅंडपेपरचं काम करतं. उचलताना दोघांनी तळाखाली हात घालावा, वरच्या कडेला किंवा प्लास्टिकच्या चौकटीला धरून नाही. आणि खाली ठेवायच्या जागी आधी अर्ध्या इंचाचं थर्माकोल. तळाखाली आलेला एक खडा रिकाम्या टाकीला काही करत नाही. भरल्यावर सगळा भार त्या एका टोकावर येतो आणि काच तिथूनच तडकते.

धुण्याची जागाही बघून निवडावी. जुन्या घरांत मागच्या पडवीला शहाबादी फरशी असते. शहाबाद हा चुनखडीचाच दगड, तेव्हा काचेवरचा क्षार खाणारं व्हिनेगर त्या फरशीलाही खातं आणि तिथे कायमचे मळकट डाग पडतात. मोरीत, सिमेंटवर जाड प्लास्टिक अंथरून किंवा गच्चीवर सावलीत हे काम करावं. सावलीत म्हणायला कारण आहे. उन्हात तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी ओतलं की काच टचकन तडकू शकते, आणि थंडीच्या दिवसांत गार काचेवर बंबातलं कढत पाणी ओतलं तरी तेच. जाड काचेची एक बाजू लगेच फुगते, दुसरी तिथेच राहते, आणि काच हा ताण सोसत नाही. हाताला कोमट लागेल इतकंच पाणी वापरायचं.

वाळलेल्या टाकीत पहिल्यांदा पाणी घातलं की एक वास उठतो. तळ्याच्या काठचा, चिखलाचा, थोडा माशांचा. वर्षभर कोरड्या पडलेल्या टाकीतूनही तो येतो. फिल्टर जिथे टेकलेला असायचा तिथे काचेवर हिरवा चौकोन उरलेला असतो, कोपऱ्यात गोगलगाईंचे बारीक शंख, एखादी गोटी, प्लास्टिकच्या झाडाचं तुटलेलं पान. क्वचित सांध्याजवळ चिकटून वाळलेला एक गप्पी, कागदासारखा पातळ. ही टाकी कुणी कशासाठी आणली होती ते अशा वेळी आठवतं. बहुतेक घरांत ती मुलांच्या हट्टाने येते; मुलं पुण्या-बेंगळुरूला जातात, खायला घालायचं काम आई-बाबांकडे येतं, आणि शेवटचा मासा गेला की कुणी नवा आणत नाही. टाकी मोकळी झाली याचं बरं वाटतं आणि बरं वाटलं म्हणून चुटपूटही लागते. माशांना नावं ठेवलेली असली तर जास्तच. धुताना घाई होते ती पुष्कळदा या चुटपुटीमुळे, लवकर संपवून टाकावं म्हणून. आणि काचेला घाईच नडते.

हातमोजे घालावेत. हे नाजूकपणाचं म्हणून सांगत नाही. माशांच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असू शकतो. हाताला कापलेलं, सोललेलं असेल तर तो त्वचेत शिरतो, गाठी उठतात आणि औषध कित्येक महिने घ्यावं लागतं. भांडी धुण्याचे रबरी मोजे पुरेत.

वाळलेलं शेवाळ कोरडं खरवडायचं नाही. टाकी अर्धी साध्या पाण्याने भरून तीन-चार तास ठेवावी, पाणी न भरता ओली फडकी काचेवर पसरली तरी चालतं. बरंचसं शेवाळ फुगून आपोआप सुटतं, मऊ स्पंजने निघतं. गोल हिरवे ठिपके असतात ते मात्र स्पंजला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी कार्ड, आणि कार्डनेही नाही निघाले तर पातं. पात्याबद्दल भीती फार आहे. भीतीचं कारण पातं नसून पात्याची अवस्था असते. नवं, गंज नसलेलं एका धारेचं पातं, धरणीत बसवलेलं, काच पूर्ण ओली, पातं काचेशी साधारण ३० अंशाने तिरकं, आणि फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढायचं नाही. पुढे जाताना पात्यापुढे जो कचरा जमा होतो तो मागे ओढताना धारेखाली येतो आणि त्यातल्या एखाद्या वाळूच्या कणाने लांब सरळ रेघ उमटते. दर खेपेला पातं उचलायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा पुढे. दाढीचं अर्धं मोडलेलं पातं चिमटीत धरून हे काम होत नाही. कोपरा काचेत रुततो आणि बोटही कापतं. आणि पातं सांध्यापासून अर्धा इंच लांबच थांबवायचं. कोपऱ्यातलं सिलिकॉन, म्हणजे काचा जोडून धरणारा रबरासारखा थर, एकदा कापलं गेलं की डाग बरा होता असं म्हणायची वेळ येते.

आता पांढरा पट्टा. साधं पांढरं व्हिनेगर चालतं, त्यात चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असतं. ते नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. त्याहून दाट केल्याने काम लवकर होत नाही. उलट कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, दाट द्रावण काचेवर वाळलं की जुन्या थराच्या जागी नवा पांढरा थर बसतो. माझी पसंती व्हिनेगरला, लिंबूसत्त्व दुसऱ्या खेपेला. उभ्या काचेवर आम्ल शिंपडून उपयोग नसतो, ते मिनिटभरात खाली ओघळतं. टाकी आडवी करायची, डागाची काच खाली, थर्माकोलवर. ज्या टाकीला वरच्या कडेला आतून काचेची आडवी पट्टी असते तिच्यात ही पट्टी बांधासारखी उभी राहते आणि पाव इंच द्रावण आत साठतं. तीन फुटी टाकीच्या समोरच्या काचेला त्यासाठी सव्वादोन लिटर लागतं. पट्टी नसेल तर टिश्यू पेपरच्या चार-पाच घड्या पट्ट्यावर अंथरायच्या, व्हिनेगरने चिंब करायच्या, वर प्लास्टिकचा कागद झाकायचा म्हणजे वाळत नाही. कान जवळ नेला तर बारीक चर्रर आवाज येतो, आणि कागदाची कड उचलून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे थरातून सुटताना दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड. दगड विरघळतोय याची खूण. बुडबुडे थांबले की एक तर क्षार संपला किंवा आम्ल संपलं. थर बाकी असेल तर द्रावण बदलायचं. एक-दीड तासाने कागद काढून, ओल्या स्पंजने पुसून, कार्डची कड फिरवून बघायची. जाड थराला दोन-तीन खेपा लागतात. घाई असेल तर रात्रभर ठेवावं आणि झोपावं. पुरत्या वाळलेल्या सिलिकॉनला एवढ्याशा व्हिनेगरने काही होत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर वेगळंच उत्तर मिळतं. ‘अण्णा, संडासाचं ॲसिड न्या की, एका मिनटात निघतंय.’ निघतं, हे खरं. हायड्रोक्लोरिक आम्ल क्षार झटक्यात खातं आणि काचेलाही खात नाही. पण त्याची वाफ नाका-डोळ्यांत जाते, सांध्यातल्या सिलिकॉनला ते चांगलं नाही, जवळच्या लोखंडाला गंज चढतो, आणि सांध्याच्या फटीत राहिलेलं आम्ल पुढे पाण्यात उतरतं. दोन तासांची वाट वाचवायला एवढी किंमत मोजू नये.

आणि एक गोष्ट जिवाशी खेळण्याची. आम्ल आणि ब्लीच कधीच एकत्र येऊ द्यायचं नाही. व्हिनेगर असो, लिंबूसत्त्व असो, संडासाचं ॲसिड असो, ब्लीचमध्ये किंवा ब्लिचिंग पावडरमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत बसतो. ‘दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल’ असं वाटणं साहजिक आहे, म्हणूनच हे दोनदा सांगावंसं वाटतं. आधी आम्लाचं काम पूर्ण संपवायचं, टाकी तीन-चार पाण्यांनी धुवायची, ब्लीच दुसऱ्या दिवशी.

सगळे डाग पांढरे नसतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जांभ्या दगडातलं पाणी तोंडाला मऊ लागतं, साबणाचा फेसही भरपूर होतो, पण त्यात लोह असतं. हवा लागली की ते गंजासारखं काचेवर बसतं, तांबूस-पिवळं, खास करून फिल्टरच्या तोंडाजवळ. व्हिनेगर इथे मंद पडतं. लिंबूसत्त्व बरं, कारण ते लोहाला धरून पाण्यात ओढतं. याच ५० ग्रॅमच्या द्रावणात टिश्यू भिजवून रात्रभर ठेवलं की सकाळी कागद पिवळा आणि काच मोकळी. गंज काढायची म्हणून बाजारात जी तयार द्रावणं मिळतात, त्यांतल्या काहींत फ्लोराइडचं आम्ल असतं, आणि तेवढं एकच आम्ल काचेला खातं. बाटलीवर ते नाव दिसलं तर ती टाकीजवळ आणूच नये.

सांध्यांकडे बघताना थोडं मन मोठं करावं लागतं. सिलिकॉन काळं पडलेलं असतं, कधी हिरवट, आणि माशांच्या औषधाचं मेथिलीन ब्लू वापरलेलं असेल तर निळं. निळा रंग जात नाही. काळी बुरशी वरवरची असेल तर ब्लीचमध्ये भिजवलेली टिश्यूची वात सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवून निघते. आत मुरलेली असेल तर निघत नाही आणि काढायची गरजही नसते, सांधा तेवढाच घट्ट राहतो. नखाने किंवा दातकोरण्याने उकरत बसलं की मात्र सिलिकॉन काचेपासून सुटतं. काही जुन्या घरांत अजून लोखंडी अँगलच्या चौकटीतली, लांबीने, म्हणजे पुट्टीने काचा बसवलेली टाकी सापडते. तिला कोरडं ठेवणंच घातक. लांबी सुकून आकसते, चिरते, आणि पुन्हा पाणी भरलं की चारी बाजूंनी पाझर. अशा टाकीला आम्लही लावू नये. तिच्यावर ओलं फडकं आणि कार्ड, बस्स. डाग राहिला तर राहू द्यावा.

सगळं करूनही काही काचांवर धुरकट छटा राहते. हाताला गुळगुळीत लागते, बुडबुडा येत नाही, आम्ल बदललं तरी फरक नाही. हा क्षार नव्हे. किंवा असला तर सिलिकेचा, ज्याला व्हिनेगर काही करत नाही. बऱ्याचदा काच स्वतःच झिजलेली असते. वर्षानुवर्षं काचेला लागून राहिलेलं पाणी तिच्यातला सोडा हळूहळू बाहेर ओढतं आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो. इथे थांबायचं. आणि हाच निकष ओरखड्यांनाही. नख आडवं फिरवून बघावं. अडकलं नाही तर सिरियम ऑक्साइड या काच पॉलिश करायच्या पावडरीने, ओल्या फेल्टवर (नमद्यावर), तासन्‌तास घासून रेघ फिकी होऊ शकते. नख अडकलं तर ती रेघ काढायला आजूबाजूची काचही खाली न्यावी लागते, मग तिथून मासा वाकडा दिसतो. पण आतल्या बाजूच्या ओरखड्यांना आणि या धुरकटपणाला एक उतारा आहे, तो म्हणजे पाणी. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, दीडच्या जवळपास, पाण्याचा १.३३, हवेचा १. रिकाम्या टाकीत खाचेत हवा असते म्हणून रेघ चमकते. पाणी भरलं की खाच पाण्याने भरते आणि रेघ बरीचशी दिसेनाशी होते. शहापूरची ती टाकी आतूनच घासलेली असेल तर भरल्यावर ती दिसते त्यापेक्षा पुष्कळ बरी निघेल. भंगारात द्यायच्या आधी एकदा भरून बघावी एवढीच इच्छा.

निर्जंतुक करायचं ते मासे रोगाने गेले असतील तर, किंवा टाकी दुसऱ्याला द्यायची असेल तर. चार-पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच, एका लिटरला ५० मिली, सगळ्या काचांना पंधरा मिनिटं लागू द्यायचं. ब्लिचिंग पावडर वापरू नये. तिच्यात चुना असतो आणि तो काचेवर पुन्हा पांढरा पापुद्रा सोडतो, म्हणजे केलेलं काम वाया. मग भरपूर धुणं, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे अँटिक्लोरिनचे थेंब घातलेल्या पाण्याने एकदा, आणि दोन दिवस सावलीत वाळवणं. क्लोरीनचा वास पूर्ण गेला पाहिजे. साबण, भांड्यांचं लिक्विड या कामात कुठेच नाही. त्याचा अंश सिलिकॉनच्या कडेत राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना बाधतो. बाहेरच्या बाजूला काचक्लीनर चालतो, पण कपड्यावर घेऊन. टाकीवर फवारला की तो वरून आत पडतो.

वाळलेल्या टाकीची परीक्षा बाहेरच घ्यायची. सपाट जागी, थर्माकोलवर, खाली वर्तमानपत्र. आधी चार बोटं पाणी, तासाभराने अर्धी, मग पूर्ण, आणि ४८ तास तशीच. सांध्याच्या कडेने कोरडा टिश्यू फिरवला की पाझर लगेच कळतो, डोळ्यांना दिसायच्या आधी. पाझर असेल तर वरून सिलिकॉनचा थर चोपडून भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. आतल्या बाजूची सगळी जुनी पट्टी, एकाच कोपऱ्यातली नव्हे, चारही उभ्या आणि तळाच्या सांध्यांतली, पात्याने काढावी. दोन काचांच्या मधला थर मात्र शिवायचा नाही, टाकी त्याच्यावरच उभी असते. काच स्पिरिटने पुसून, नवं सिलिकॉन भरून, ओल्या बोटाने एका दमात ओढून घ्यावं. बुरशीनाशक घातलेलं, बाथरूमसाठीचं सिलिकॉन घेऊ नये, ते माशांना विषारी असतं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं शुद्ध सिलिकॉन घ्यावं, आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पाणी भरू नये. पावसाळ्यात दोन दिवस जास्त धरावेत. मग पुन्हा चार बोटं पाण्यापासून सुरुवात, आणि टिश्यू आधी त्याच कोपऱ्याला लावून बघायचा.